अष्टपैलूची षटकेही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रणजीचे संक्षिप्त धावफलक छापताना फलंदाजाचा क्रम, त्याने खेळलेले चेंडू आणि गोलंदाजाची षटके गाळली जातात. त्यात सर्वाधिक अन्याय अष्टपैलू खेळाडूवर होतो, म्हणून हे पत्र.

ऑक्टोबर २०२५ मध्ये तिरुवनंतपुरमला केरळविरुद्ध महाराष्ट्राची ५ बाद १८ अशी दाणादाण उडाली. तिथून ऋतुराज गायकवाड (९१) आणि सातव्या क्रमांकावर आलेला ऑफस्पिनर-अष्टपैलू जलज सक्सेना (४९) यांनी १२२ धावांची भागी केली. पहिल्या डावात महाराष्ट्र २३९, केरळ २१९. सामना अनिर्णित राहिला आणि या वीस धावांच्या आघाडीने महाराष्ट्राला तीन गुण दिले, केरळच्या पदरी एकच पडला. नुसते 'सक्सेना ४९' वाचणाऱ्याला यातले काय कळणार?

जलजची कारकीर्दच मुळी अशी तपशिलात वाचावी लागते. २००५ मध्ये मध्य प्रदेशकडून पदार्पण, २०१६-१७ पासून केरळ, २०२५-२६ मध्ये महाराष्ट्र. नोव्हेंबर २०२४ मध्ये तिरुवनंतपुरमजवळच्या थुंबाच्या मैदानावर रणजीत ६००० धावा आणि ४०० बळी पूर्ण करणारा तो पहिला खेळाडू ठरला. त्याच थुंबाला २०१८ मध्ये आंध्रविरुद्ध त्याने सलामीला १३३ धावा केल्या आणि एका डावात ४५ धावांत आठ गडी टिपले. २०२४ मध्ये बंगालविरुद्ध ६८ धावांत नऊ.

मात्र सलामी आणि फिरकी ही दुहेरी जबाबदारी शरीराला फार काळ झेपत नाही. दिवसभरात तीस षटके टाकायची, प्रतिस्पर्धी शेवटच्या तासात सर्वबाद झाले की दहा मिनिटांत पॅड बांधून नव्या चेंडूसमोर उभे राहायचे. पाय जड झालेले असतात, पुढचा पाय चेंडूपर्यंत पोहोचत नाही आणि बॅटची कड लागून झेल स्लिपमध्ये जातो. म्हणून असा खेळाडू खाली सरकतो. तिथे जोडीदार संपल्याने डाव अर्धवट राहतात, शतके आटतात आणि आकडे पाहणारा म्हणतो, याची फलंदाजी गेली!

गोलंदाजीतही तेच. आपल्याकडे वापरला जाणारा एसजी बनावटीचा चेंडू जुना झाला की ऐंशीव्या षटकानंतरचा नवा चेंडू हाती येईपर्यंत कर्णधाराला एक टोक बांधून ठेवणारा माणूस लागतो. त्याने वीस षटकांत चाळीस धावा देऊन एकच बळी घेतला, तर धावफलकातून तो गायब होतो. त्याने आणलेल्या दडपणामुळे दुसऱ्या टोकाला पडलेले गडी मात्र ठळक छापले जातात. २०२४-२५ च्या उपांत्य फेरीत केरळ ४५७, गुजरात ४५५! पहिल्या डावातील या दोन धावांच्या आघाडीवर केरळने प्रथमच अंतिम फेरी गाठली. गुजरातच्या त्या डावात जलजचे चार बळी होते, पण खरी किंमत त्याच्या लांबलचक स्पेल्सची, म्हणजे एका टोकाने सलग टाकलेल्या षटकांची होती.

भारताकडून तो एकदाही खेळला नाही. आयपीएलमध्येही, २०२१ साली पंजाबकडून, एकच सामना. रविचंद्रन अश्विन त्याच्यापेक्षा जेमतेम तीन महिन्यांनी मोठा. तोही ऑफस्पिनर, तोही फलंदाजी करणारा, आणि खात्यात ५३७ कसोटी बळी. कसोटीचे दार बंद राहिले, हे त्यामुळे समजू शकते. पण इतक्या वर्षांत मर्यादित षटकांचा एकही सामना त्याच्या वाट्याला येऊ नये, हे मला पटत नाही.

विदर्भाच्या हर्ष दुबेने २०२४-२५ च्या रणजी हंगामात ६९ बळींचा विक्रम केला आणि फलंदाजीतही हात दिला. त्याच्यासारख्यांचे काम वाचकांना नीट कळावे, यासाठी रणजीच्या धावफलकात षटके, निर्धाव षटके, धावा, बळी हे चारही आकडे द्यावेत. फलंदाजाच्या नावापुढे क्रम आणि चेंडूही द्यावेत. जागा कमी असेल तर निदान महाराष्ट्र, मुंबई आणि विदर्भ या तीन संघांच्या सामन्यांपुरती ही सोय व्हावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक, पुणे