टॉकीज पाडा, पण आधी केबिन उघडा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

निपाणीतलं आमचं बंद टॉकीज पाडणार असल्याची बातमी आपल्या अंकात वाचली. 'मोडकळीस आलेली इमारत' एवढ्यावरच ती संपली. त्या इमारतीच्या केबिनमध्ये, म्हणजे प्रोजेक्टरच्या खोलीत, मी २२ वर्षं ऑपरेटर होतो, म्हणून हे पत्र.

तंबाखूच्या वखारीतले हमाल आणि विड्या वळणाऱ्या बायका हे आमचं खरं पब्लिक. बाजारादिवशी दुपारच्या खेळाला बायका मांडीवरचं सूप खाली ठेवून तशाच यायच्या. पदराला तंबाखूचा वास, कडेवर पोर. डॉ. राजकुमारांचा कन्नड सिनेमा लागला की पिटातली, म्हणजे पडद्याजवळच्या स्वस्त जागांवरची, मराठी पोरंही तेवढ्याच जोरात शिट्ट्या मारायची. १९५६ साली राज्यांची फेररचना झाली आणि निपाणी आत्ताच्या कर्नाटकात गेली, पण सिनेमाच्या धंद्यात बेळगाव जिल्हा मुंबई सर्किटातच, म्हणजे मुंबईच्या वितरण विभागातच राहिला. कोल्हापूर तर हाकेच्या अंतरावर. बाबूराव पेंटरांनी १९१८ साली स्वतःच्या हातानं कॅमेरा बनवला तो तिथंच, आणि १९३२ साली पहिला मराठी बोलपट झाला तोही तिथंच. त्यामुळं मराठी सिनेमा आम्हाला कधी परका वाटला नाही.

आमच्याकडं दोन प्रोजेक्टर होते, कार्बनवर चालणारे. कार्बनच्या दोन कांड्यांच्या टोकांमध्ये ठिणगी धरायची, तिच्याच उजेडानं पडद्यावर चित्र दिसायचं, आणि कांड्या जळत जातील तशी मूठ फिरवून अंतर सांभाळायचं. जरा दुर्लक्ष झालं की पडदा पिवळा पडायचा अन् खालून आरडाओरडा व्हायचा. कांडीवरच्या तांब्याच्या मुलाम्याचे थेंब खाली पडायचे. माझ्या डाव्या मनगटावर त्यांचे तीन डाग अजून आहेत. दोन हजार फुटांचं रीळ साधारण २२ मिनिटं चालतं. ते संपत आलं की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वर ठिपका चमकतो. पहिल्या ठिपक्याला दुसऱ्या मशीनची मोटर सुरू करायची, सातएक सेकंदांनी दुसरा ठिपका आला की पहिल्या मशीनची झडप बंद करून दुसऱ्याची उघडायची. प्रेक्षकाला काही कळता कामा नये. माझ्या उस्तादांनी मला पहिले सहा महिने नुसते ठिपकेच बघायला लावले होते.

टॉकीज बंद का पडलं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. आधी घराघरांत टीव्ही आणि व्हिडिओ आले, मग रिळांवर सिनेमे येणंच बंद झालं. मालकांवर माझा राग नाही, त्यांनी तोटा सोसूनही बरीच वर्षं ते चालवलं. इमारत वाचवा असंही मी म्हणत नाही, छत खरंच धोक्याचं झालंय.

पण वर केबिनमध्ये ती दोन्ही मशीनं अजून आहेत आणि ती भंगारात वजनावर जाणार, असं ऐकतो. भिंतीवर खिळ्याला तिकिटांच्या हिशेबाच्या वह्या टांगलेल्या असायच्या. कुठल्या खेळाला पिटात किती, बाल्कनीत किती, याची रोजची नोंद त्यांत आहे. गावाचा असा हिशेब दुसऱ्या कुणाकडं असेल असं मला वाटत नाही. एक मशीन आणि त्या वह्या गावातल्या वाचनालयानं मागून घ्याव्यात. मशीन खोलून, पुसून, पुन्हा जोडून मी देतो, एक पैसा नको. फक्त जिना पडायच्या आत कुणीतरी कुलूप उघडावं.

आपला,
एक जुना ऑपरेटर, निपाणी