कापलेलं रीळ आणि घरचा शो

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

सीमाप्रश्न आणि पाणीपुरवठा यांच्यामधून या विषयाला आपल्या सदरात जागा मिळेल की नाही, ठाऊक नाही. तरी लिहितो. गेल्या आठवड्यात याच सदरात एका गृहस्थांनी तक्रार केली होती. घरची मुलं ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या तीन भागांच्या इंग्रजी सिनेमाची लांबवलेली आवृत्ती लावून दोन दिवस टीव्हीपुढे बसली आणि वर नव्याने जोडलेल्या प्रसंगांवरून एकमेकांशी भांडली, असं त्यांचं म्हणणं. ‘जे टॉकीजमध्ये दाखवायच्या लायकीचं नव्हतं म्हणून काढलं, ते पुन्हा पैसे मोजून बघायचं, हा कसला शहाणपणा?’ असा त्यांचा सवाल होता.

मी बेळगावातल्या एका टॉकीजमध्ये पस्तीस वर्षं ऑपरेटर होतो. ‘लायकीचं नव्हतं म्हणून काढलं’ हे वाक्य वाचलं आणि चहा निवला.

१९७४ साली केबिनमध्ये शिरलो तेव्हा दोन मशिनं, कार्बनच्या कांड्या आणि छतातून बाहेर गेलेलं धुराडं एवढा संसार होता. पडद्यावरचा सगळा उजेड त्या दोन कांड्यांमधल्या जाळातून यायचा. कांडी जळेल तशी पुढे सरकवत राहायची. जरा डुलकी लागली की पडदा पिवळा पडायचा आणि थर्ड क्लासातून शिट्ट्या सुरू. रीळ संपत आलं की पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात ठिपका चमकतो. पहिल्या ठिपक्याला दुसरं मशीन चालू करायचं, दुसऱ्याला बदलायचं. आजही टीव्हीवर जुना सिनेमा लागला की माझी नजर नटीवर नसते, त्या कोपऱ्यावर असते. आमचा हिशेबही मिनिटांचा नव्हता, फुटांचा होता. मिनिटाला नव्वद फूट.

आता कापण्याचं सांगतो. शो तीनचा, सहाचा आणि साडेनऊचा. सहाचा शो सव्वानऊला सुटला नाही तर खानापूरकडच्या माणसांची शेवटची गाडी चुकायची, आणि गाडी चुकलेला माणूस पुढच्या शुक्रवारी येत नाही. मालकांचं हे गणित चूक नव्हतं. सिनेमा लांब असला की ते जिन्यावरूनच ओरडायचे, “दहावं रीळ बारीक कर रे!” मी पट्टी काढायचो, दोन टोकं खरवडून सिमेंटने, म्हणजे पट्टी चिकटवायच्या खास द्रावणाने, चिकटवायचो. काय काढायचं ते मीच ठरवायचो. बहुतेक वेळा एखादं गाणं, नाहीतर विनोदी नटाची मारामारी. दिग्दर्शकाला पत्ता नसे, प्रेक्षकाला तर नसेच. रिळांची पेटी पुढच्या गावाला जायच्या आधी तुकडे पुन्हा जोडून द्यायचे, असा नियम. मी तो पाळायचो. बहुतेक वेळा.

जोड कळतोच, हे मात्र सांगायला हवं. ३५ मिलिमीटरच्या पट्टीवर आवाज चित्राच्या शेजारी नसतो, वीसेक फ्रेम पुढे छापलेला असतो. म्हणून आधी चित्र उडी मारतं आणि सेकंदही पुरता होत नाही तोवर गाणं अडखळतं. लोकांना वाटायचं, ऑपरेटर झोपला.

एकदा एका कौटुंबिक मराठी सिनेमात मी थोरल्या मुलीच्या लग्नाचा प्रसंग काढला. साधारण साडेतीनशे फूट. मंगलाष्टकं, वरमाला आणि सासरी जाताना रडारड. गोष्ट त्यावाचून अडत नव्हती, असं माझं मत. शो सुटल्यावर काठी टेकत एक आज्जी जिना चढून थेट केबिनच्या दाराशी.

“पोरा, सिनेमा चांगला हाय. खरं त्या थोरलीचं लगीन झालं कवा?”

मी म्हटलं, “आज्जी, झालं असंल मधीच.”

“मधीच कसं? गेल्या आठवड्यात लेकीकडं गेल्तो, तितं बघितला की. निपाणीत झाल्तं लगीन, हितं का न्हाई केलासा?”

आमचे डोअरकीपर हसून लोळले. मीही हसलो. घरी जाताना मात्र हसू आलं नाही. पोरीचं लग्न निपाणीला होतं आणि बेळगावात होत नाही, आणि हे ठरवणारा मी.

तर मंडळी, मुद्द्यावर येतो. माझी नात बंगळूरला नोकरी करते. दिवाळीत ती ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या तिन्ही भागांचा लांब आवृत्तीचा संच घेऊन आली. तिचे चार मित्र-मैत्रिणीही आले. दोन टिळकवाडीचे, एक खानापूरची आणि एक गोकाकचा कन्नड मुलगा. डिस्कवर ना मराठी, ना कन्नड, इंग्रजी अक्षरं तेवढी. खानापूरची मुलगी मला मराठीत सांगायची आणि गोकाकचा मुलगा आमच्या शेजारच्या काकूंना कन्नडमधून. चिरमुऱ्यांचं भडंग दोन पातेली संपलं.

मी सवयीने फुटांचा हिशेब मांडला. पहिला भाग टॉकीजमध्ये १७८ मिनिटांचा होता, घरी तो २०८ झाला. दुसरा १७९ चा २२३. तिसरा २०१ चा २५१, म्हणजे एकट्या तिसऱ्यातच ४,५०० फूट वाढ. तिन्ही मिळून अकरा हजार फुटांच्या वर. एवढी पट्टी शहापुरातल्या माझ्या घरापासून किल्ल्याच्या तळ्यापर्यंत अंथरता आली असती. ती लायकी नव्हती म्हणून गेली नव्हती. टॉकीजच्या घड्याळासाठी गेली होती, तिकडचीही शेवटची गाडी असतेच. आणि कापणं वाईटच, असंही मी म्हणणार नाही. कापलेल्या त्या तिसऱ्या भागालाच २००४ मध्ये ११ ऑस्कर मिळाली, जेवढी नामांकनं तेवढी सगळी. फरक एवढाच की दिग्दर्शक पीटर जॅक्सनने कापलेलं फेकलं नाही. पुढे घरच्या आवृत्तीसाठी ते बसवताना संगीतकार हॉवर्ड शोअरने त्या जागांना नवं संगीत दिलं. आमच्यासारखं सिमेंट लावून मोकळे झाले नाहीत. मी कान टवकारून ऐकलं, गाणं कुठे अडखळत नाही.

आणि आपल्याकडे लांबीचं एवढं काय? आपल्या शिवजयंतीचे चित्ररथ बेळगावात रात्रभर चालतात, उजाडेपर्यंत लोक गल्लीच्या तोंडाशी उभे असतात. गोकाककडे श्रीकृष्ण पारिजात हे लोकनाट्य रात्रभर चालतं. तिथे कोणी घड्याळ बघत नाही.

आता त्या भांडणाबद्दल, कारण ते गृहस्थ भांडणाला हसले होते. आमच्याकडेही भांडण झालं, आणि माझ्या मते संबंध दिवाळीत तेवढंच ऐकण्यासारखं होतं.

तिसऱ्या भागात शत्रूच्या दारातून एक दूत बाहेर येतो. नुसतं तोंडच दिसतं, डोळे झाकलेले. टॉकीजमध्ये हा प्रसंग नव्हताच. लांब आवृत्तीत तो बोलत असतानाच नायक राजा ॲरागॉर्न त्याचं मुंडकं उडवतो. टिळकवाडीचा एक मुलगा टाळ्या वाजवू लागला. खानापूरची मुलगी चिडली. मूळ पुस्तकात राजा असं करत नाही, म्हणाली, दुताला कोण मारतं? तिच्या बोलण्यावर मला लंका आठवली. मारुतीला ठार करा म्हणून रावण ओरडतो तेव्हा खुद्द त्याचा भाऊ बिभीषण सांगतो, दूत अवध्य असतो. राक्षसांच्या दरबारात पाळतात तो नियम इथला नायक मोडतो! नात म्हणाली, जगभरच्या चाहत्यांची हीच तक्रार आहे. ती बरोबर आहे. ही साठ-सत्तर फूट पट्टी मी आनंदाने कापली असती.

दुसरी तक्रार गँडाल्फ या भल्या म्हाताऱ्या जादूगाराच्या काठीची. काळ्या घोडेस्वारांचा म्होरक्या ती मोडतो आणि म्हातारा जमिनीवर पडतो. गोकाकचा मुलगा उभाच राहिला, “इदु सरि अल्ला, अज्जा!” हे बरोबर नाही म्हणे. काठी मोडली तर मग गँडाल्फचं राहिलं काय? मीही त्याच्याच बाजूचा.

पण सारुमान या दुष्ट जादूगाराचं वेगळं. ते काम करणारा ख्रिस्तोफर ली आम्हा ऑपरेटर लोकांना ड्रॅक्युला म्हणून माहीत. १९५८ चा तो सिनेमा कितीतरी वर्षं फिरत होता. दुसऱ्या भागाच्या शेवटी हा माणूस मनोऱ्यावर उभा आहे, आणि तिसऱ्याच्या टॉकीजमधल्या आवृत्तीत त्याचं पुढे काय झालं ते दाखवलेलंच नाही. तेव्हा चाहत्यांनी सह्या गोळा केल्या होत्या, असं नातीने सांगितलं, आणि मला जिन्यावरची आज्जी आठवली. लगीन झालं कवा, हाच तो सवाल. घरच्या आवृत्तीत तो मनोऱ्यावरून पडतो. सुटलो एकदाचे.

दुसऱ्या भागातला दोन भावांचा प्रसंग मी दोनदा लावायला सांगितला. बोरोमिर शहर जिंकून परत येतो, दोघे भाऊ हसताहेत, प्याले भरताहेत. एवढ्यात बाप येतो, थोरल्याला डोक्यावर घेतो आणि धाकट्याला सगळ्यांदेखत हिणवतो. टॉकीजमध्ये हे नव्हतं, त्यामुळे धाकटा फॅरामिर पुढे ती जादूची अंगठी बापाकडे न्यायला बघतो ते नुसतं हट्टी वाटत होतं, आणि पुस्तक वाचलेले लोक त्यावरून चिडले होते. आता कळतं की तो अंगठीसाठी नाही, बापाच्या एका शब्दासाठी हट्टाला पेटला आहे. आमच्याकडे शेजारच्या काकूंनी डोळे पुसले. त्यांच्या घरातही दोन मुलगे आहेत, अधिक लिहीत नाही.

आणि तो बुटका गिमली. होडीत बसून मित्राला सांगतो की मी गॅलाड्रिएल राणीकडे डोक्याचा एक केस मागितला आणि तिने तीन दिले. गोष्ट त्यावाचून अडत नाही. माझ्या कात्रीखाली आलं असतं तर पहिल्यांदा हेच गेलं असतं. लग्नासारखं.

मध्यंतराचं एक राहिलं. इंग्रजी सिनेमात मध्यंतर नसे, ते आम्हीच पाडायचो, समोशांच्या कढईकडे बघून. कितीदा माणूस अर्ध्या वाक्यात असताना मी दिवे लावले असतील. या संचात एकेक भाग दोन डिस्कवर विभागला आहे. पहिल्या भागात नऊ जणांची टोळी ठरते आणि तिथे डिस्क संपते. मीही तिथेच दिवे लावले असते. नातीला तसं सांगितलं तर म्हणाली, आज्जा, तुला जॅक्सनने बोलवायला पाहिजे होतं.

२०११ मध्ये ब्ल्यू-रे आली तेव्हा पहिल्या भागावर हिरवट छटा आली म्हणून चाहते संतापले होते, असंही ऐकलं. ईस्टमनकलरच्या जुन्या प्रिंटा गुलाबी पडलेल्या आम्ही महिनोन् महिने चालवल्या, कोणी चकार शब्द काढला नाही. म्हणून रंगावरून भांडणाऱ्या या पोरांचं मला कौतुकच वाटतं. आधी छोटी आवृत्ती विकायची आणि काही महिन्यांनी लांब, म्हणजे एकाच घराकडून दोनदा वसुली, ही त्यांची तक्रार मात्र शंभर टक्के खरी. तिथे मी पत्रलेखक गृहस्थांच्या बाजूने आहे.

पहिला भाग संपल्यावर नावं सुरू झाली. नेहमीची संपली, तरी थांबेनात. वीसेक मिनिटं नुसती नावंच. नातीने रिमोट उचलला. मी विचारलं, ही कोणाची? म्हणाली, चाहता मंडळाच्या सभासदांची. मी म्हटलं, राहू दे. टॉकीजमध्ये नावं लागली की दिवे लावून दारं उघडायची, हे माझंच काम होतं. पस्तीस वर्षांत एकाही सिनेमाची नावं मी शेवटपर्यंत चालू दिली नव्हती. त्या रात्री पोरं जेवायला उठली आणि मी एकटा बसून ती सगळी वाचली. एकही ओळखीचं नव्हतं.

ते लग्न अजून माझ्याकडे आहे. त्या वेळी पेटी घाईत पुढे गेली आणि जोडायचं राहून गेलं. म्हणजे निपाणीनंतर पुढच्या कुठल्याच गावात थोरलीचं लग्न झालं नाही. कुंद्याच्या रिकाम्या डब्यात गुंडाळी ठेवली आहे. डबा उघडला की शिर्क्याचा वास येतो, पट्टी कुजू लागली की येतो तसा. आता जोडायला प्रिंटच कुठे सापडत नाही.

पत्र लांबलं आहे, जागेसाठी कापावं लागेल हे मला कळतं. कार्बनच्या कांड्यांचा मजकूर काढलात तरी चालेल. आज्जीचा तेवढा ठेवा.

आपला,
एक निवृत्त ऑपरेटर,
शहापूर, बेळगाव

(नाव छापू नये. मालकांची मुलं अजून बाजारात भेटतात.)