गाडी उंच करण्याआधी तिची खचलेली उंची मोजा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विषय : जुन्या गाडीला घरी लिफ्ट किट बसवण्याबाबत

जुन्या गाडीची उंची घरच्या घरी कशी वाढवावी, यावरचा मजकूर वाहनविषयक पानांवर अधूनमधून वाचायला मिळतो. त्यात हे काम बहुधा एका दिवसाचे, चार बोल्ट सोडून स्पेसर (उंची वाढवणारी जाड चकती) घालण्याइतके सोपे म्हणून सांगितलेले असते. माझ्या २१ वर्षांच्या गाडीवर हे काम मी स्वतः दोनदा केले आहे, पहिल्यांदा चुकीच्या क्रमाने आणि दुसऱ्यांदा नीट. त्या अनुभवावरून एक गोष्ट आग्रहाने मांडावीशी वाटते. जुन्या गाडीच्या बाबतीत पहिला प्रश्न ‘किती उंच करायची’ हा नसून ‘किती खचली आहे’ हा असतो, आणि नेमका तोच त्या मजकुरात विचारलेला नसतो.

स्प्रिंग वर्षानुवर्षे भार सोसून हळूहळू बसत जाते. चाकाच्या मध्यबिंदूपासून मडगार्डच्या कमानीच्या कडेपर्यंत सरळ उभे अंतर सपाट जमिनीवर मोजले की ते लगेच दिसते. टायरमधील हवेचा या मापावर परिणाम होत नाही, म्हणून जमिनीपासून मोजण्यापेक्षा हे माप विश्वासाचे. माझ्या गाडीत पुढे चालकाच्या बाजूला ते ३४२ मिलिमीटर आणि दुसऱ्या बाजूला ३५४ मिलिमीटर भरले. बारा मिलिमीटरचा हा फरक मी वहीत लिहून ठेवला, पण त्याचा अर्थ काय याचा विचार न करता दोन्ही बाजूंना स्ट्रटच्या (स्प्रिंग आणि धक्के शोषणारा शॉक ॲब्सॉर्बर एकत्र असलेल्या उभ्या खांबाच्या) माथ्यावर ४० मिलिमीटर जाडीचे स्पेसर घातले. गाडी उंच दिसू लागली, पण चार माणसे बसली की गतिरोधकावर पूर्वीसारखाच दणका बसत राहिला.

त्याचे कारण समजायला मला काही आठवडे लागले. स्ट्रटच्या माथ्यावर, म्हणजे वरचा माउंट (स्ट्रट सांगाड्याला जोडणारा भाग) आणि गाडीचा सांगाडा यांच्या मधे बसणारा स्पेसर गाडीला वर उचलतो, पण स्ट्रटच्या आत काहीच बदलत नाही. खचलेल्या स्प्रिंगमुळे स्ट्रट आधीच जास्त दबलेला असतो आणि बंप स्टॉपच्या, म्हणजे स्ट्रटचे दबणे शेवटी अडवणाऱ्या रबरी ठोकळ्यापर्यंत उरलेली जागा आधीच कमी झालेली असते. स्पेसर घातल्यावरही ती तेवढीच कमी राहते. दुसऱ्या पद्धतीत स्पेसर थेट स्प्रिंगच्या टोकाला बसतो किंवा मूळ शॉक ॲब्सॉर्बर तसाच ठेवून लांब स्प्रिंग घातली जाते. तिथे अडचण उलट होते. वर दबायला जागा वाढते, पण चाक खाली लोंबण्याची जागा तेवढीच घटते, आणि खड्ड्यात चाक उतरले की शॉक पूर्ण ताणला जाऊन धातूवर धातू आपटल्याचा खटका ऐकू येतो. एकाच नावाने विकल्या जाणाऱ्या या दोन वस्तू इतक्या वेगळ्या वागतात, हे किटसोबतच्या कागदावर लिहिलेले मी पाहिले नाही.

मग स्पेसर काढून मी दोन्ही बाजूंना मूळ मापाच्या नव्या स्प्रिंगा आणि नवे माउंट बसवले. माप दोन्हीकडे ३७१ झाले. म्हणजे जी उंची मी ‘वाढवायला’ निघालो होतो, तिच्यातला मोठा भाग गाडीने खचून गमावलेला होता. त्यावर मी फक्त २० मिलिमीटरचे स्पेसर घातले. गाडी आज जवळपास तितकीच उंच उभी आहे, पण दणका गेला आहे आणि चाक लोंबते तेव्हा ड्राइव्ह शाफ्टचा (इंजिनची ताकद चाकापर्यंत नेणाऱ्या दांड्याचा) कोन पूर्वीइतका तिरका होत नाही. त्या कोनाची किंमतही मी आधी मोजली होती. जाड स्पेसर असताना शाफ्टच्या बाहेरच्या सांध्यावरील रबरी बूट (आवरण) चिरला आणि चाकाच्या आतल्या बाजूला ग्रीसचा काळा फवारा उडालेला दिसला. बूट फाटला की आत धूळ आणि पाणी शिरते, आणि मग वळताना सांधा कटकट वाजू लागतो.

आता घरी काम करण्यातील धोक्याविषयी. स्पेसर माउंटच्या वर बसणारा असेल, तर स्ट्रट आहे तसा बाहेर येतो आणि स्प्रिंगला हात लावावा लागत नाही. स्प्रिंग बदलायची असेल तर मात्र ती दाबूनच काढावी लागते. दर मिलिमीटरला २० न्यूटन जोर लागणारी स्प्रिंग २०० मिलिमीटर दाबली, तर तिच्यात सुमारे ४०० जूल ऊर्जा साठते, म्हणजे ४० किलो वजन एक मीटर उंचीवरून पडण्याइतकी. माथ्याचा मधला नट स्प्रिंग दाबल्याशिवाय सोडला, तर ही ऊर्जा एका क्षणात मोकळी होते. स्प्रिंग दाबण्याची हुक असलेली दोन साधने समोरासमोर लावावीत, दोन्ही आळीपाळीने थोडी थोडी हातानेच आवळावीत आणि स्प्रिंगच्या टोकासमोर कधीही उभे राहू नये. ज्याच्याकडे भक्कम साधन नाही, त्याने स्ट्रट काढून गॅरेजमध्ये नेऊन द्यावा आणि स्प्रिंग बदलून परत आणावी. त्यात काही कमीपणा नाही. जॅकवर उभ्या गाडीखाली जाऊ नये हे सर्वांना ठाऊक असते, तरीही विटा किंवा पोकळ सिमेंटचे ठोकळे टेकू म्हणून वापरलेले मी पाहिले आहेत. ते न वाकता एकदम फुटतात. कठीण, सपाट फरशी, चांगले स्टँड आणि जमिनीवरच्या चाकांच्या पुढे-मागे लाकडी ठोकळे यांना पर्याय नाही.

जुन्या गाडीतली खरी मेहनत गंजाची असते. लोअर आर्मचा (चाकाला खालून सांगाड्याशी जोडणाऱ्या दांड्याचा) बोल्ट बुशच्या (रबरी सांध्याच्या) आतल्या नळीत गंजून एकजीव झालेला असतो. नट सुटतो, बोल्ट फिरतोही, पण बाहेर येत नाही, कारण त्याच्यासोबत आतली नळी आणि तिला चिकटलेले रबरच फिरत असते. आदल्या दिवशी गंज सोडवणारे तेल घालून ठेवावे आणि नवा बुश आधीच आणून ठेवावा, हे मी आता शिकलो आहे. स्ट्रट ज्या जागी सांगाड्याला बसतो तो पत्रा टोचून पाहावा. तो फुगलेला किंवा खपल्या सुटत असलेला आढळला, तर उंची वाढवण्याचा विचार सोडून आधी पत्र्याचे काम करावे.

बुशबाबतच माझ्याकडून दुसरी चूक झाली. गाडी स्टँडवर, चाक लोंबते, हात सहज पोहोचतो आहे, अशा वेळी मी आर्मचे बोल्ट पूर्ण आवळून टाकले. चार महिन्यांनी त्या बुशच्या रबराला चंद्रकोरीसारखी चीर पडली होती. या बुशमध्ये रबर दोन नळ्यांच्या मधे चिकटवलेले असते. आतली नळी बोल्टने पक्की धरली जाते आणि आर्म हलतो तो रबराला पीळ देऊनच. चाक लोंबत असताना बोल्ट आवळला, की गाडी जमिनीवर आल्यावर ते रबर कायमचे पिळलेले राहते. म्हणून हे बोल्ट हातानेच सैल बसवावेत, आर्मखाली जॅक लावून चाकमध्य ते कमान हे अंतर नव्या उंचीवर गाडी उभी असतानाच्या मापावर आणावे आणि तेव्हाच टॉर्क रेंचने (ठरावीक जोराने आवळणाऱ्या पान्याने) आवळावेत. हे माप सुरुवातीला वहीत लिहिलेले जुने नव्हे, तर गाडी जमिनीवर टेकवून नव्याने घेतलेले हवे.

चाके बसवली की काम संपले असे समजू नये. चाक पूर्ण लोंबवून आणि स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवून ब्रेकची रबरी नळी आणि एबीएसच्या (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) सेन्सरची तार कुठे ताणली जाते का ते पाहावे. अलाइनमेंट (चाकांची दिशा जुळवणे) करून घेईपर्यंत लांबचा प्रवास टाळावा, कारण उंची बदलली की टायरॉडचा (स्टिअरिंगला चाकाशी जोडणाऱ्या दांडीचा) कोन बदलतो, चाकांची दिशा बिघडते आणि टायर काही आठवड्यांत एका कडेने झिजतात. दिव्यांकडे तर बहुतेकांचे लक्षच जात नाही. डिपरचा झोत साधारणपणे दर मीटरला एक सेंटिमीटर खाली उतरेल असा लावलेला असतो. दोन चाकांच्या आसांमधले अंतर २.४ मीटर असलेल्या गाडीचे फक्त पुढचे टोक ४० मिलिमीटर वर गेले, तर झोत दर मीटरला सुमारे १.७ सेंटिमीटर वर उचलला जातो, म्हणजे तो खाली उतरण्याऐवजी समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांकडे चढू लागतो.

मागची बाजू उंच करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट तपासावी. काही जुन्या गाड्यांत मागच्या ब्रेकचा दाब ठरवणारा एक व्हॉल्व्ह असतो आणि तो एका दांडीने मागच्या आसाला जोडलेला असतो. गाडी भाराने खाली बसली की तो मागच्या ब्रेकला जास्त दाब देतो. मागची उंची वाढवली की या व्हॉल्व्हला गाडी रिकामी वाटते आणि भरलेल्या गाडीतही मागचे ब्रेक कमी लागतात. दांडीची जुळणी पुन्हा केली नाही, तर हा दोष अचानक ब्रेक दाबावा लागेपर्यंत कळत नाही.

किती वाढवावे, यावर माझे मत सावध आहे. डाव्या-उजव्या चाकांतले अंतर १.४ मीटर आणि गुरुत्वमध्य जमिनीपासून ६० सेंटिमीटर असेल, तर त्या अंतराच्या निम्म्याला गुरुत्वमध्याच्या उंचीने भागून येणारे स्थिरतेचे गुणोत्तर सुमारे १.१७ असते. गुरुत्वमध्य पाच सेंटिमीटर वर गेला, तर ते १.०८ वर येते. एवढ्या फरकाने गाडी लगेच उलटणार नाही, पण वळणावर चुकीला असलेली जागा नक्की कमी होते. पाट्यांच्या स्प्रिंगा आणि मागे अखंड ॲक्सल (आस) असलेल्या गाड्यांत तर किटमुळे फक्त सांगाडा वर जातो. ॲक्सलच्या मधला डिफरन्शियलचा (दोन्ही चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरच्या संचाचा) गोळा जमिनीपासून होता तेवढ्याच अंतरावर राहतो आणि तो वर जातो केवळ मोठ्या टायरने.

आपणास विनंती अशी की, या विषयावर यापुढे लेख छापताना गाडीची उंची कुठून कुठे मोजावी हे दाखवणारी एक साधी आकृती आणि ते माप लिहायला डाव्या-उजव्या, पुढच्या-मागच्या अशा चार रिकाम्या चौकटी सोबत द्याव्यात. किट बनवणाऱ्यांनीही आपला स्पेसर माउंटच्या वर बसतो की स्प्रिंगच्या टोकाला, आणि तो बसवल्यावर ब्रेकची नळी, अलाइनमेंट व दिवे यांपैकी काय काय बदलावे किंवा जुळवावे लागते, हे खोक्यावरच वाचता येईल अशा अक्षरांत छापावे. जुन्या गाडीचा मालक ते खोके उघडण्याआधी हातात टेप घेऊन गाडीपाशी गेला, तर या पत्राचा हेतू साध्य होईल.

आपला नम्र,
एक वाचक