शाळेचे जुने बुक: महोत्सवाआधी एवढे करा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

करवीर, पन्हाळा, शिरोळ, गडहिंग्लज, भुदरगड भागातल्या कितीतरी मराठी शाळांनी शंभरी ओलांडली आहे, काही दीडशेच्या घरात आहेत. गावोगाव महोत्सव होतात. कमान लागते, रंगरंगोटी होते आणि त्याच गडबडीत ऑफिसातल्या कपाटाचा तळचा खण रिकामा केला जातो. त्या खणात असते पहिले जनरल रजिस्टर, म्हणजे मुले दाखल केल्याची नोंदवही, जुनी हजेरीपत्रके, डेप्युटींचे, म्हणजे शाळा तपासणाऱ्या अधिकाऱ्यांचे, शेरेबुक, डेडस्टॉकची, म्हणजे शाळेच्या सामानाची, वही. शाळा सुरुवातीला कशी होती हे सांगणारा दुसरा कागद बहुतेक गावांत नाही. म्हणून महोत्सव समित्यांना आणि मुख्याध्यापकांना आमची विनंती आहे, की आधी हे कागद वाचा आणि जपा, कमानीचे नंतर बघता येईल.

पहिली चूक स्थापनेच्या तारखेतच होते. हाती असलेल्या सर्वांत जुन्या रजिस्टरातली पहिली तारीख उचलायची आणि ती फलकावर रंगवायची, असा शिरस्ता पडला आहे. पण त्या पहिल्या नोंदीचा दाखल क्रमांक बघा. तो १ असेल तर ठीक. तो २४७ असेल, तर या बुकाच्या आधी एक बुक होते आणि शाळा फलकापेक्षा जुनी आहे. क्रमांक १ असूनही पहिल्या दोन-तीन पानांवरची सगळी मुले एकाच दिवशी दाखल झालेली आणि त्यांतली काही दुसरी-तिसरीत बसलेली दिसली, तर ती नव्या बुकात उतरवून घेतलेली मुले आहेत. दहा-पंधरा वर्षांच्या नोंदी एकाच हाताच्या, एकाच शाईच्या असतील तर ते मूळ बुक नसून नक्कल आहे. नकलेत नावे आणि तारखा चुकतात, हे गृहीत धरूनच ती वाचावी.

आता त्या शाळेचे रूप. मुंबई इलाख्यात सरकारी शिक्षणखाते १८५५ मध्ये सुरू झाले, आदल्या वर्षी विलायतेहून आलेल्या वुडच्या शिक्षणविषयक खलित्यानंतर. कोल्हापूर संस्थान असल्यामुळे इथला कारभार दरबारचा, पण इयत्ता, क्रमिक पुस्तके आणि तपासणीचा साचा इलाख्याचाच होता. त्याआधी आणि नंतरही बरीच वर्षे गावात पंतोजीची शाळा चालत असे. जागा देवळाचा मंडप, चावडी किंवा कुणाची तरी सोपा-पडवी. पंतोजीला मिळायचे धान्य, सणाला शिधा आणि थोडी रोकड. सरकारी धर्तीची शाळा आली तरी इमारत लगेच आली नाही. शेरेबुकात 'शाळा देवळात भरते, पावसात गळते' अशा धाटणीचा शेरा सापडला तर तो महोत्सवाच्या स्मरणिकेत जरूर छापा.

शिकवण्याचा क्रम ठरलेला असे. आधी धूळपाटी: लाकडी फळीवर बारीक धूळ किंवा विटेचा भुगा पसरायचा आणि टोकदार काडीने अक्षर ओढायचे. चुकले की हाताने सारवायचे. कागद महाग, म्हणून तो अक्षर वळल्यावरच हातात यायचा. मग बोरू. त्याला तिरका छेद द्यायचा आणि टोकाला मधोमध चीर पाडायची. चीर फार खोल गेली की शाई ओघळते, उथळ राहिली की अक्षर कोरडे उठते. शाई काजळ आणि डिंकाची. तिचे हे वैशिष्ट्य पुढे कागद जपताना उपयोगी पडते, म्हणून लक्षात ठेवावे: ती उजेडाने फिकी पडत नाही, पण पाणी लागले की पसरते.

हिशोबात पाढे तीसपर्यंत आणि त्यावर अपूर्णांकांचे पाढे: पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी (साडेतीनचा पाढा). सात पाव पावणेदोन, सात निम साडेतीन, सात पाऊण सव्वापाच, सात सव्वा पावणेनऊ, सात दिडे साडेदहा. हे पाठांतर बाजारासाठी होते. रुपयाचे १६ आणे, आण्याच्या १२ पै. मापात २ चिपट्यांचे मापटे, २ मापट्यांचा शेर, ४ शेरांची पायली. सगळे व्यवहार अर्ध्या-पावानेच चालत, त्यामुळे पायलीला दीड आणा दर असेल तर सात पायलीचे साडेदहा आणे पोराने बोटे न मोजता सांगायला हवेत.

हीच पावकी कागदावर उतरते तेव्हा आजचा वाचक हमखास फसतो. जुन्या लिखाणात एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. मास्तरांच्या पगारापुढे ७॥ असेल तर ते साडेसात रुपये आहेत. ते ७११ वाचून स्मरणिकेत 'त्या काळी मास्तरांना सातशे रुपये पगार' असे छापले तर सगळा इतिहासच उलटा होतो. वयाच्या रकान्यातले ६। म्हणजे सव्वासहा वर्षे. ते एकसष्ट नव्हे. रेघ अंकाला चिकटून आली की १ आणि । यांत फरक कळत नाही. अशा वेळी त्याच हाताने लिहिलेला नक्की १ दुसरीकडे शोधावा आणि दोन्ही शेजारी ठेवून बघावेत.

इथे थोडे इंग्लंडकडे वळतो, कारण आपल्या शेरेबुकाचे चुलत भावंड तिकडे आहे. व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या खेड्यातल्या शाळेतही लहान मुले वाळूच्या तबकात बोटाने अक्षरे काढत आणि मोठी मुले, म्हणजे मॉनिटर, धाकट्यांना शिकवत. ही पद्धत तिकडे नेणाऱ्यांत अँड्र्यू बेल प्रमुख होते. मद्रासला सैनिकांच्या अनाथ मुलांच्या शाळेवर असताना त्यांनी तिथल्या देशी शाळेतली मुले वाळूत गिरवताना पाहिली, तो प्रयोग आपल्या शाळेत केला आणि १७९७ मध्ये त्याचे टिपण लंडनला छापले. आपल्या पंतोजींच्या धुळाक्षरांची बहीण इंग्रजी खेड्यात पोचली ती अशी.

तिकडे १८६२ च्या नियमांनी अनुदान परीक्षेला जोडले. सरासरी हजेरीवर मुलामागे ४ शिलिंग. शिवाय २०० हजेऱ्या भरलेले सहा वर्षांवरचे मूल परीक्षेला बसले की ८ शिलिंग, पण वाचन, लेखन, गणित यांपैकी ज्यात ते नापास होईल त्या प्रत्येकाचे २ शिलिंग ८ पेन्स कापायचे. परिणाम व्हायचा तोच झाला. मास्तर पुस्तक पाठ करून घेऊ लागले आणि हजेरीसाठी जीव टाकू लागले. त्याच नियमांनी मुख्य शिक्षकाला लॉगबुक ठेवायला लावले. आठवड्यातून निदान एक नोंद करायची, फक्त घडलेले लिहायचे, सर्वसाधारण मते मांडायची नाहीत. या कोरड्या अटीमुळेच ती बुके आज सोन्याच्या मोलाची झाली आहेत. बटाटे काढायला, गवत वाळवायला मुले गेली, गोवर आला, बर्फाने रस्ता बंद झाला, असे सगळे तारखेनिशी सापडते. तिकडची अनेक लॉगबुके आता जिल्ह्याच्या अभिलेखागारात नीट ठेवलेली आहेत.

आपल्याकडे त्याच काळाचे चित्र हजेरीपत्रकात आहे, फक्त ते वाचावे लागते. पटावर ४२ आणि हजर १९ असा दिवस दिसला की महिना बघा. आषाढात असेल तर रोपलागण, श्रावण-भाद्रपदात भांगलण, थंडीत गुऱ्हाळ, चैत्रात जोतिबाची यात्रा, ज्येष्ठ पौर्णिमेच्या आसपास कर्नाटकी बेंदूर, हा बैलांचा सण. १८९६ नंतरच्या वर्षांत सलग आठवडे पाने कोरी असतील तर प्लेगचा विचार करावा, कारण गाव उठून शिवारात झोपड्या घालून राहायला जात असे. कोरी पाने 'काहीच लिहिलेले नाही' म्हणून फाडून टाकू नयेत, ती नोंदच आहे.

तारखांचे आणखी दोन सापळे. कित्येकांच्या जन्मतारखा १ जून दिसतात. मूल शाळेत घालताना बापाला तारीख सांगता येत नसे. मास्तर अंदाजाने वय ठरवत आणि वर्ष सुरू होण्याच्या महिन्याची पहिली तारीख टाकत. तेव्हा वर्ष साधारण बरोबर, दिवस-महिना सोयीचा, असे धरावे. दुसरा सापळा सनाचा. शके असेल तर ७८ मिळवा, मात्र जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंतच्या तारखेला ७९. फसली, म्हणजे शेतसाऱ्याच्या हिशोबाचा सन, मृगाला, म्हणजे जूनमध्ये बदलतो. त्यात ५९० मिळवा, आणि जानेवारी ते मृगापर्यंत ५९१. फसली १२८८ म्हणजे जून १८७८ ते जून १८७९. शके आणि फसली यांची गल्लत झाली की शाळा पाचशे वर्षांनी सरकते, त्यामुळे ती चूक लगेच उमगते. एका वर्षाची चूक मात्र कुणाच्या लक्षात येत नाही. गावाच्या नावापुढे 'पेटा आळते' दिसले तर तो आजचा हातकणंगले तालुका, हेही ध्यानात असावे.

जातीचा रकाना आणि बसण्याची जागा याबद्दल स्मरणिकांत मौन पाळले जाते. ते योग्य नाही. अस्पृश्य मानलेल्या मुलांना ओसरीवर किंवा बाहेर बसवले जाई, त्यांच्या शाळा वेगळ्या असत. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले, ४ मार्च १९१८ रोजी करवीर पेट्यातल्या चिखलीला त्या योजनेतली पहिली शाळा सुरू झाली, मूल न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला १ रुपया दंड ठरला आणि १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून मुले एकत्र बसवण्याचा हुकूम निघाला. तुमच्या रजिस्टरात या दोन-तीन वर्षांत दाखल क्रमांक कसे वाढतात, कोणत्या वाड्यांची नावे पहिल्यांदा येतात, हे मोजून एक तक्ता केलात तर त्यातून गावाला जे कळेल ते दहा भाषणांतून कळणार नाही.

आता जपण्याविषयी. गेल्या काही वर्षांत ही बुके अचानक हातोहात फिरू लागली. जात पडताळणीला प्रवर्गाप्रमाणे १९५० च्या, १९६१ च्या, १९६७ च्या आधीच्या नोंदी लागतात, २०२३ पासून कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, आणि मोडी वाचणाऱ्यांची गरज एकदम वाढली. लोकांची निकड खरी आहे. पण प्रत्येक वेळी बुक झेरॉक्सच्या काचेवर पालथे दाबले की पाठीची शिवण एकेक धाग्याने तुटते आणि मग सुटे झालेले पान, बहुधा नेमके हवे असलेले, नाहीसे होते.

म्हणून एकदाच नीट फोटो काढा आणि पुढे फोटोच दाखवा. दिवसाचा उजेड, फ्लॅश बंद. बुक टेबलावर सपाट उघडायचे नाही, दोन्ही बाजूंना उशा किंवा कापडात गुंडाळलेल्या विटा लावून ते काटकोनाहून थोडे जास्त उघडेल इतकेच ठेवायचे. आधी सगळी डावी पाने, मग सगळी उजवी. पहिला फोटो कव्हराचा, शेजारी पट्टी ठेवून. पानांवर क्रमांक नसतील तर ते वरच्या कोपऱ्यात मऊ पेन्सिलीने घालावेत, पेनाने कधीच नको. फोटोंच्या दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी. या नोंदींत माणसांच्या जाती आणि जन्मतारखा आहेत, तेव्हा त्या गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायच्या नाहीत.

लॅमिनेशन करू नका. तापलेले प्लॅस्टिक कागदात भिनते आणि पुन्हा सोडवता येत नाही. सेलोटेप काही वर्षांत पिवळी पडते, तिचा डिंक अक्षरावर डाग धरतो. फाटलेले तुकडे न चिकटवता पाकिटात ठेवा, पाकिटावर पान क्रमांक लिहा. टाचण्या आणि गंजलेल्या पिना काढून घ्या. बुक स्वच्छ धुतलेल्या, खळ नसलेल्या पांढऱ्या मांजरपाटात बांधा. दप्तरखान्याचा जुना रुमाल तो हाच, पण लाल कापड नको, ओल लागली की रंग कागदात उतरतो. कपाट भिंतीपासून वीतभर लांब, बुके वरच्या खणात. ओला कडुलिंब ठेवू नका, त्याची ओल बुरशीला पुरते. वाळवी लागली असेल तर बाधित बुक आधी वेगळे करा.

शिरोळ-करवीरच्या नदीकाठच्या शाळांनी ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ चे महापूर डोळ्यांसमोर ठेवावेत. पाऊस वाढला की पोषण आहाराच्या धान्याबरोबर हा रुमालही उंच जागी हलवण्याचे काम एका ठरलेल्या माणसाकडे द्या. भिजलेच तर उन्हात टाकू नका, पाने आकसतात आणि चिकटतात. डिंकाची शाई पसरलेली असते, म्हणून पुसूही नका. दर पाच-दहा पानांत कोरा शोषक कागद घाला, तो दर काही तासांनी बदला, पंख्याचा वारा बाजूने येऊ द्या. दोन दिवसांत बुरशी धरते. तेवढ्यात वाळणार नसेल तर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून डीप फ्रीजमध्ये ठेवा आणि जाणकाराला बोलवा.

मोडी येत नसेल तर शासनाचा पुराभिलेख विभाग मोडीचे वर्ग घेतो. प्रत्येक केंद्रशाळेतला एक तरुण शिक्षक तयार झाला तरी भागते. जिल्हा परिषदेने यंदा दिवाळीपर्यंत प्रत्येक जुन्या शाळेकडून एवढीच माहिती मागवावी: सर्वांत जुने बुक कोणते, त्यातला पहिला दाखल क्रमांक किती, लिपी कोणती, पाने किती आणि ते सध्या कोणत्या कपाटाच्या कोणत्या खणात आहे.

आपले,
काही निवृत्त प्राथमिक शिक्षक व मोडी वाचक, कोल्हापूर