रांगेवर जगणारं बनगाव

प्रिय बंड्या,

बांगलादेशी टी-शर्टांचे कंटेनर आता तुमच्या न्हावा शेव्याला लागतात म्हणून तू तीन हसरे चेहरे पाठवलेस. मे 2025 च्या अधिसूचनेने तयार कपड्यांसाठी जमिनीवरची नाकी बंद केली आणि न्हावा शेवा व कोलकाता एवढी दोनच बंदरं ठेवली, त्यात तुझं कर्तृत्व शून्य. पण इथे बनगावजवळच्या पेट्रापोल नाक्यावर, बांगलादेशच्या सीमेला, त्याने काय झालं ते कस्टम क्लिअरिंगमधल्या माणसालाच समजेल, म्हणून तुलाच लिहितोय. तब्येत बरी आहे, साखर गोळीच्या धाकात आहे.

आधी दाजींना बांगलादेशात पाठवायच्या कांद्याचं. "एवढ्या गाड्या थांबतात कशाला?" असं विचारलंस. नाशिकहून सोळाचाकी निघते, तीस टन, पन्नास किलोची सहाशे पोती, दोन हजार किलोमीटर. इथे आल्यावर स्लॉट, म्हणजे सीमा ओलांडायची पाळी, मिळेपर्यंत पार्किंग, मग लँड पोर्टच्या आवारात वजन, कस्टम, मालाला रोग-कीड नसल्याचा फायटोसॅनिटरी दाखला. त्यानंतर आपलीच गाडी ड्रायव्हर-क्लीनरसकट कार-पासवर, म्हणजे सीमा ओलांडायच्या परवान्यावर, पलीकडे बांगलादेशातल्या बेनापोलला जाते आणि माल तिथल्या यार्डात त्यांच्या ट्रकमध्ये जातो. तिकडे जागा नसली किंवा आयातदाराने शुल्क भरलं नाही, की आपली गाडी तिकडेच अडकते आणि तिच्या मागच्या सगळ्या इकडे. त्यात त्यांच्या बँका शुक्रवार-शनिवार बंद, आपल्या रविवारी. गुरुवारी संध्याकाळी एलसीत, म्हणजे पैशांच्या बँक-हमीपत्रात, दुरुस्ती निघाली तर सोमवारपर्यंत काही हलत नाही. तेवढ्यात खालच्या थरातली पोती पाझरायला लागतात.

लाल कांदा पाठवायचा हट्ट दाजींनी सोडावा. ओल जास्त, साल पातळ, आठवड्याभरात कोंब दिसतात. उन्हाळ कांदाच भरायचा, नीट सुकवलेला, जाळीच्या पोत्यात. ताडपत्री पाऊस नसेल तेव्हा बाजूने मोकळी ठेवायची. इथली दमट हवा आणि वर गच्च ताडपत्री म्हणजे आत काजळी धरलीच. स्थानिक छोट्या ट्रकमध्ये माल बदलून देतो म्हणणारे भेटतील, त्यांना नाही म्हणायचं. प्रत्येक चढ-उताराला कांदा ठेचतो, आणि घट शेवटी पाठवणाऱ्याच्याच माथी.

शुल्काची तारीख तर तुला माहीतच आहे. शिपिंग बिल कधी भरलं याला किंमत नाही, लेट एक्सपोर्ट ऑर्डर, म्हणजे माल सोडायची कस्टमची परवानगी, ज्या दिवशीची त्या दिवसाचा दर. म्हणजे गाडी रांगेत असताना दिल्लीत कुणी सही केली की हिशोब उलटा. ऑगस्ट 2023 ला कांद्यावर 40 टक्के निर्यात शुल्क, ऑक्टोबरात टनाला 800 डॉलर किमान निर्यात दर, डिसेंबरात सरळ बंदी. मे 2024 ला उठली ती 550 डॉलर आणि 40 टक्के घेऊनच. शुल्क पूर्ण गेलं ते 1 एप्रिल 2025 ला. 14 सप्टेंबर 2020 च्या बंदीत रांगेतल्या गाड्यांचं काय झालं ते तू फोनवर ऐकलंयस, परत उगाळत नाही. ज्यांचे कागद आधी पूर्ण होते त्यांना काही दिवसांनी सोडलं, पण तोवर सीमेकडे येणाऱ्या यशोर रोडभर कांद्याचा वास.

आता माझी काळजी. तू नेहमी म्हणतोस, बंदराचा धंदा तो धंदा, सीमेवरचा म्हणजे बैलबाजार. बरं, बैलबाजार. पण हा बाजार गाडी थांबण्यावर जगतो रे. पार्किंगवाला, पंक्चरवाला, ड्रायव्हरांना रोटी-भाजी करणारी बाई, कार-पासचे कागद भरून देणारी पोरं, हमाल, सगळे. 2022 साली राज्य सरकारने ऑनलाइन स्लॉट आणले, आठवडेच्या आठवडे थांबणं कमी झालं. आपल्यासाठी उत्तमच, आपण त्यासाठीच पगार घेतो. पण तेवढ्या रात्रींची जेवणं कुणाच्या तरी चुलीवर चढायची थांबली.

एवढ्यावर भागलं असतं. 2024 च्या ऑगस्टनंतर व्हिसे आटले, तर कोलकात्याला उपचारासाठी येणारी माणसं रोडावली. कोलकाता-खुलना बंधन एक्स्प्रेस त्याआधीच, जुलैपासून उभी. ऑक्टोबरात नवं प्रवासी टर्मिनल आणि मालासाठी मैत्री द्वार उघडलं, तेव्हा प्रवासीच नव्हते! पैसे बदलणारे काउंटरवर पत्ते खेळतात. एप्रिल 2025 ला बांगलादेशने जमिनीवरून सूत घेणं बंद केलं, मेमध्ये आपण कपडे, जूनमध्ये ताग. बेनापोलहून येणारे कपड्याचे ट्रक रिकामे करणारे हमाल आता कांद्याच्या गाडीमागे धावतात. मजुरी वाढवून मागत नाहीत, आहे त्यात माणसं वाटून घेतात. मला तेच जास्त टोचतं.

तुला वाटेल, फाळणीआधी यशोर जिल्ह्यात असलेलं गाव, त्याला सवय असेल. आहेही. 21 फेब्रुवारीला झिरो पॉइंटवर, म्हणजे ऐन सीमारेषेवर, दोन्हीकडचे लोक फुलं घेऊन जमायचे, बांगला भाषेसाठी. पण गाण्यांनी हमाली मिळत नाही, आणि तुझ्या क्रेनला इथला एकही माणूस लागत नाही. हसरे चेहरे पाठवताना एवढं लक्षात असू दे, साल्या.

वहिनींच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं का? चिनूची दहावी, म्हणजे यंदा गणपतीला येऊ नकोस असं म्हणशील, तरी येणारच. घराचा हप्ता मार्गी लागला हे ऐकून बरं वाटलं.

दाजींना एवढंच सांग: ढाक्याच्या कृषी खात्याचा आयात परवाना निघाला, त्यावरचं प्रमाण आणि मुदत माझ्या डोळ्यांखालून गेली, की मगच गाडी भरा. मार्च-एप्रिलात त्यांचा स्वतःचा कांदा निघतो आणि परवाने आखडतात. नेमका तेव्हाच आपला उन्हाळही निघतो, त्यामुळे चाळीत ठेवायची तयारी हवी. आणि पहिल्या खेपेला पाच गाड्या नकोत, एकच. एलसीची प्रत मला आधी पाठव, तुझ्या त्या कारकुनाकडून नको, तू स्वतः.

तुझा,
सुन्या