साहेब, खो-खोचे खांब कुठे रोवू?

माननीय साहेब,
सप्रेम नमस्कार.

नाव मुद्दाम लिहीत नाही. मागच्या वेळी नाव घालून अर्ज केला, तो पोचेपर्यंत त्या साहेबांची बदली झाली होती आणि नव्या साहेबांनी "हा विषय आमच्याकडे येत नाही" असं लिहून परत पाठवला. तेव्हा मैदानं आणि बागा ज्या खुर्चीच्या सहीने उघडतात आणि बंद होतात, त्या खुर्चीला हे पत्र.

आपला वेळ मोलाचा, म्हणून मागणी आधी सांगते. पुण्यात धायरीला आमच्या गल्लीमागे क्रीडांगणासाठी राखलेला जो तुकडा आहे, तिथे रोज सकाळी सहा ते आठ बारा मुलींना खो-खो खेळू द्यावं. फुकट.

आता झालं काय ते ऐका. गेल्या रविवारी आम्ही पहाटे खांब घेऊन गेलो, तर जाळीच्या दाराला कुलूप. आत हिरवागार टर्फ. आठवडाभर काम चाललेलं दिसत होतं, पण मुलींसाठीच काही चाललंय असं आम्हाला वाटलं. वॉचमन म्हणाला, "ताई, ॲपवर बुकिंग करा. सकाळी तासाला हजार, संध्याकाळी चौदाशे." मी म्हटलं, अरे, खो-खो आहे. "मग तर नाहीच. खांब रोवले की टर्फ फाटतो."

दोन वर्षांपूर्वी तुमच्याच खात्याच्या एका अधिकाऱ्यांनी शाळेच्या व्हरांड्यात, सगळ्या पालकांसमोर सांगितलं होतं, दिवाळीपर्यंत माती टाकून देतो, नळ देतो, मैदान मुलींचं. कोणती दिवाळी, ते विचारायचं राहून गेलं. ही चूक माझीच.

आम्ही काही वाट बघत बसलो नाही. दगड वेचले, काँग्रेस गवत उपटलं. एका बांधकामावरून मुरूम मागून आणला, टेम्पोचं भाडं माझ्या फॉल-पिकोच्या पैशातून दिलं. पाणी मारून धुमसाने चोपला. खांबावर सूर मारताना एक खडा लागला तरी गुडघा सोलून निघतो, म्हणून वरची माती दोन वर्षं चाळणीने चाळली. (घरातली चाळण नव्हे, सासूबाईंसाठी खुलासा.) मी स्वतः शाळेच्या संघात होते. डावा गुडघा अजून जिना चढताना आठवण करून देतो, तरी वाकून चुन्याने पाट्या मीच आखायचे. त्या मातीवर आता प्लास्टिकचं गवत अंथरलंय. साहेब, मला त्या रात्री झोप लागली नाही. नवरा म्हणाला, जागा काय तुझ्या बापाची होती का? नव्हती. म्हणूनच तर चाळत होते.

हा खेळ कुठला, ठाऊक आहे ना? खो-खोचे नियम 1914 साली याच पुण्यात, डेक्कन जिमखान्यावर बसले. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीला पहिला विश्वचषक झाला, भारताचे पुरुष आणि महिला दोन्ही संघ जिंकले. पुरुषांचा कर्णधार प्रतीक वाईकर आपल्या पुण्याचा. आमच्या चौकात तेव्हा केवढा फ्लेक्स लागला होता! त्यावर खेळाडू कोपऱ्यात, बोटभर, आणि बाकी सगळे हात जोडलेले शुभेच्छुक. त्या फ्लेक्सचं कापड खाली उतरल्यावर आम्ही मुलींच्या दप्तरांखाली अंथरायला घेतलं. सरकारी मदत म्हणाल तर तेवढीच.

आणि फक्त खेळाचं नाही. माझे वडील आम्हा तिघा भावंडांना सायकलवर पेशवे पार्कात न्यायचे. तिथली छोटी आगगाडी, फुलराणी, 1956 पासूनची, तिच्यात एक फेरी, मग सारसबागेत गणपतीला नमस्कार, हिरवळीवर डबा उघडून थालीपीठ, आणि वडिलांचा पगार झालेला असला तर भेळ. त्यात आमचा अख्खा रविवार जायचा. परवा माझ्या धाकट्याला विचारलं, कुठे जाऊया? तो म्हणाला, मॉलमध्ये. गेलो. काही विकत न घेता, नुसतं चौघांनी खाऊन आणि गाडी लावून साडेबाराशे रुपये. माझ्या किती साड्यांचा पिको होतो त्यात, हिशेब करवत नाही. सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान सुरेख आहे, जपानातल्या ओकायामाच्या बागेवरून केलेलं, पण ती बघायची बाग. तिथे चेंडू टाकायचा नसतो. बालेवाडीला 1994 च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी उभं केलेलं भलंमोठं संकुल आहे, आम्हालाही अभिमान आहे त्याचा. पण धायरीहून बस बदलत तिथे पोचेपर्यंत पोरींच्या शाळेची घंटा होते.

2017 ला आमचं गाव शहरात घेतलं. शहराचे कर आले, शहराचं ट्रॅफिक आलं, उड्डाणपूलही आला. मैदान तेवढं मागे राहिलं. केंद्राच्या नगररचना मार्गदर्शिकेत माणशी 10 ते 12 चौरस मीटर मोकळी जागा असावी असं लिहिलंय. आमच्या गल्लीत 140 बिऱ्हाडं, घरटी चार माणसं धरली तर 560. म्हणजे कमीत कमी 5,600 चौरस मीटर. मी मागतेय खो-खोपुरतं 27 बाय 16 मीटर, म्हणजे 432. तेही दोन तास.

मोकळी जागा नाही असं नाही हो. मोठ्या प्लॉटवर 10 टक्के मोकळी ठेवावीच लागते. पण ती गेटाच्या आत, आणि गेटावर "बाहेरच्यांना प्रवेश नाही". आम्ही बाहेरचे, पन्नास वर्षं इथेच राहून! आराखड्यात मैदानाचा हिरवा ठिपका पडतो, त्यावर दहा वर्षं कोणी हलत नाही, मग राज्याच्या नगररचना कायद्याच्या कलम 127 खाली जागामालकाची नोटीस येते, मुदत टळते आणि आरक्षण उडतं. कोर्ट म्हणतं कायद्याप्रमाणे आहे. तुम्ही म्हणता निधी नव्हता. सुशोभीकरणाला कसा असतो? तोच दुभाजक दरवर्षी उखडून पुन्हा रंगवायला? आणि जी जागा उरते ती ठेक्याने. म्हणजे जागा आमची, कर आमचा, नि तासाला हजार रुपयेही आमचेच. चुकून एखादी पोर मोठी खेळाडू झालीच तर सत्काराला पहिल्या रांगेत कोण बसेल, तेही आम्ही पाहिलंय.

असो. दोन्ही खांब माझ्या गॅलरीत पडलेत. वर्गणीचे आहेत, सागवानी आहेत. कपडे वाळत घालायला जागा नाही. काल भंगारवाला विचारून गेला, दोन्हींचे तीनशे देतो म्हणाला. मी त्याला महिनाअखेरीपर्यंत थांब म्हटलंय.

आपली,
धायरीच्या बारा मुलींची बिनपगारी ताई