शनिवारचं रिस्क असेसमेंट सेशन – सगळ्यांनी वाचा

मंडळी, इन्फर्मेशन सिक्युरिटी मॅनेजमेंटच्या मास्टर्सला असलेल्या आपल्या सगळ्यांसाठी सूचना, येत्या शनिवारी संध्याकाळी ६ वाजता नेहमीच्याच ऑनलाइन लिंकवर भेटायचंय आणि प्रत्येक टीमने आपलं रिस्क रजिस्टर (धोक्यांची नोंदयादी) दाखवायचंय, १० मिनिटं प्रत्येकी.

- आयएसओ २७००१ (माहिती सुरक्षेचं आंतरराष्ट्रीय मानक) ची २०२२ चीच आवृत्ती धरा. जुन्या नोट्समध्ये ११४ कंट्रोल्स (सुरक्षेचे उपाय) दिसतील, ते २०१३ चे, आता ९३ आहेत आणि चार गटांत: ऑर्गनायझेशनल ३७, पीपल ८, फिजिकल १४, टेक्नॉलॉजिकल ३४. मागच्या वेळी अर्ध्या स्लाइड्स फायरवॉल आणि एन्क्रिप्शनवरच होत्या, अरे पण नोकरी सोडून गेलेल्या माणसाचं लॉगिन कोण बंद करणार, ते कुठेच नव्हतं!
- प्रत्येक रिस्कसमोर ओनर, म्हणजे तिची जबाबदारी कोणाची, ते लिहा. "आयटी विभाग" चालणार नाही, पद लिहा. आणि रिस्क स्वीकारली, म्हणजे उपाय न करता तशीच ठेवली असेल तर कोणी स्वीकारली तेही, कारण सर पहिला प्रश्न तोच विचारतात.
- जे नोकरी करून शिकतायत त्यांनी आपल्या कंपनीचे स्क्रीनशॉट, आयपी अ‍ॅड्रेस काहीही आणू नका, काल्पनिक कंपनी घ्या. लेखी परवानगीशिवाय कुठलंही नेटवर्क स्कॅन करायचं नाही, "फक्त बघत होतो" हे कारण ऐकलं जाणार नाही.

स्लाइड्स शुक्रवारी रात्रीपर्यंत ग्रुपच्या फोल्डरमध्ये टाका, लिंक कोणाला फॉरवर्ड करू नका. ज्यांना जमणार नाही त्यांनी आजच इथे लिहा म्हणजे क्रम लावता येईल.